शेवटच्याचा पेला

सांता रीताच्या घाटमाथ्यावर माझी टपरी आहे. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, पेले ठेवायला एक आडवी फळी, समोर एक बाक आणि रस्त्यापलीकडे सांता रीता देवीचा पुतळा. दर रविवारी सकाळी खालच्या दुइतामा गावचे सायकलवाले घाट चढून येतात, पुतळ्यासमोर छातीवर क्रुसाची खूण करतात आणि माझ्याकडे वळतात. गरम गूळपाणी, त्यात ताज्या चीजचे तुकडे, सोबत मक्याची भाकरी. दुसरं काही मी ठेवत नाही. ज्याला कॉफी हवी असेल त्यानं खाली उतरावं.

या लोकांचा एक नियम आहे. सगळ्यांच्या मागून जो येणार असेल त्याचा पेला आधीच भरायचा, त्यावर बशी झाकायची आणि तो फळीच्या टोकाला ठेवायचा. त्या शेवटच्या माणसानं येऊन बशी उचलल्याशिवाय कुणी घाट उतरायचा नाही. मग तो अर्ध्या तासानं येवो नाहीतर रांगत येवो. हा नियम त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या क्रिसांतोकाकांनी घातला असं ते स्वतःच सांगतात. सांगू देत बापडे. पेला माझा, बशी माझी, गूळ माझा, चीज माझ्या गाईचं. नियम तेवढा त्यांचा.

तीस वर्षं मी त्या फळीमागे उभी आहे. कुणाला चीज जास्त लागतं, कुणाचा गुडघा धरतो, कुणाची बायको सोडून गेली, मला सगळं ठाऊक. त्यांना माझं एवढंच ठाऊक की मी शेजारीणबाई. आमच्याकडे विकायला बसलेल्या कुठल्याही बाईला शेजारीण म्हणतात. कानाला गोड लागतं आणि नाव लक्षात ठेवायचे कष्ट वाचतात.

अकरा वाजले की सगळे उतरून जातात आणि माथ्यावर वारा उरतो. मी पेले विसळते, दुधाच्या गाडीनं घरी येते. माझ्या नवऱ्याला, सालोमोनला, जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. तो होता तेव्हा आम्ही दोघं रेडिओवर सायकलच्या शर्यती ऐकायचो. आमच्या खोऱ्यातला एखादा पोरगा तिकडे युरोपातल्या डोंगरावर पुढे निसटला की सालोमोन उठून स्वयंपाकघरात नाचायचा. आता मी एकटी ऐकते. पोरगा निसटतो, मी मान वर करते, समोर भिंत असते.

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. धुकं होतं, भुरभुर चालू होती आणि दाताचे डॉक्टर फ्लोरो नेहमीप्रमाणे मागे राहिले होते. बाकीचे पाय आपटत, काखेत हात घालून उभे. मी सगळ्यांना दुसरा पेला दिला, मग तिसरा. कुणीतरी गाणं धरलं. कुणी तक्रार केली नाही. शेवटी धुक्यातून आधी डॉक्टरांचं पोट आलं आणि मग डॉक्टर आले. काय ओरडले सगळे! पाठीवर थापा, शिट्ट्या, "अहो डॉक्टर, दात काढायला थांबला होतात की काय!" डॉक्टरांनी बशी उचलली, डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला. मी हातात फडकं घेऊन समोरच होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

मला त्या जाड्या माणसाचा हेवा वाटला. साधा नाही, पोटात दुखेल असा हेवा. माझ्यासाठी कुणी कुठे थांबल्याचं मला आठवेना. सालोमोन चांगला होता, पण बाजारात सुद्धा दहा पावलं पुढे चालायचा. मरणातही पुढेच गेला. त्या दिवशी पेले विसळताना माझं ठरलं. एकदा, फक्त एकदा, सायकलवरून त्या घाटावर सगळ्यांच्या मागून यायचं, आणि वर माणसं माझी वाट बघत असली पाहिजेत. मला दुसरं काही नको होतं.

सत्तावन्न वर्षांच्या बाईनं हे कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, चळली. म्हणून मी सांगितलं नाही. सायकल घ्यायची म्हणून गाय विकली. गोलोंद्रिना तिचं नाव. संध्याकाळी मी घरी आले की फाटकावरून मान काढून उभी असायची. नेणाऱ्यानं दोरी ओढली तेव्हा ती वळून वळून बघत होती. मी म्हटलं, जा बाई, तिकडे गवत चांगलं आहे. त्यानंतर चीज मी बाजारातून आणायला लागले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सायकलचं दुकान विल्मारचं. हा विल्मार दर रविवारी माझ्या टपरीत पहिला पोचतो आणि म्हणतो, "शेजारीणबाई, तुम्ही नसता तर हा घाट म्हणजे नुसता डोंगर!" मी चर्चमध्ये मिस्सेला जायच्या कपड्यांत गेले होते. डोक्यावर टपरीतली हॅट नाही, खांद्यावर घोंगडी नाही.

"या काकू, या!" तो म्हणाला. "नातवाला हवी का?"

मी क्षणभर थांबले, ओळखतो का बघायला. नाही ओळखलं.

"नातू नाही. मला हवी."

"तुम्हाला? वा! मग ही बघा. पुढे टोपली, मागे कॅरिअर. बाजारहाटाला एक नंबर."

"टोपली तुझ्या आईला दे. मला घाट चढायचाय. ती वाकड्या हँडलची हवी, रस्त्यावरची."

त्याचं तोंड उघडंच राहिलं, मग तो हसला, आणि मग मात्र मन लावून कामाला लागला. माझी नजर भिंतीवरच्या एका लाल सायकलवर गेली होती. नुसती बघत राहावी अशी होती.

"लोक रंग बघून घेतात आणि वर्षभर कंबर धरून बसतात," तो म्हणाला. "आधी माप. ती लाल तुमच्या यजमानांना होईल."

"यजमान मातीत आहेत."

तो भिंतीपासून वळला. मागे जाऊन एक राखाडी, अगदीच गरीब दिसणारी सायकल घेऊन आला. मला दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं आणि मधल्या दांड्यात नि माझ्यात चार बोटं जागा आहे का बघितलं. मग सीटवर बसवलं, टाच पेडलवर ठेवायला सांगितलं. पेडल तळाला गेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, म्हणे. हँडल धरल्यावर कोपरं थोडी वाकलेली हवीत. हात ताठ झाले तर सायकल मोठी आणि गुडघे कोपरांना लागले तर लहान. त्या राखाडीवर माझे हात जिथे पडायला हवे होते तिथेच पडले. मला जरा रागच आला, कारण लाल मला आवडली होती.

"कार्बनची पण आहे, हलकी असते," तो म्हणाला, "पण महाग."

"किती हलकी?"

"एका कोंबडीएवढा फरक."

"मग कोंबडी मी माझ्या अंगावरूनच उतरवते. ही अल्युमिनियमची बरी."

मग बाकीचं सामान. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकवून टोपीसारखं घालायचं नाही. हातमोजे, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. चष्मा, डोळ्यात किडे जाऊ नयेत म्हणून. सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या. फ्रेमला छोटा पंप. मागे लाल दिवा, धुक्यासाठी. बूट पेडलला अडकवायचे खटके त्यानं स्वतःच नको म्हटलं. आधी पडायला शिका, मग अडकायला, म्हणाला. आणि ती गादीवाली तोकडी विजार.

"याच्या आत काही घालायचं नाही," विल्मार भिंतीकडे बघत म्हणाला.

"काही म्हणजे?"

"म्हणजे... काहीच नाही, काकू. नाहीतर सोलवटतं."

त्याचे कान लाल झाले. मी सांता रीताचं नाव घेतलं आणि विजार पिशवीत टाकली.

शर्टाला पाठीमागे तीन खिसे होते. उजव्यात पेरूची वडी, मधल्यात वाऱ्याचं जाकीट, डाव्यात फोन, असं त्यानं सांगितलं. "आणि जाकीट विसरू नका. वर पोचता तेव्हा अंग घामानं भिजलेलं असतं आणि वारा असा की हाडं वाजतात. गरम काही पोटात गेलं तर थांबा, नाहीतर लगेच उतरा. नशिबानं वर एक शेजारीण आहे, तिच्याकडे गूळपाणी मिळतं. तिच्या जिवावर तर आम्ही थांबतो."

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

तो पंपाचा स्क्रू आवळत होता. "नाव? शेजारीणच. सगळे शेजारीणच म्हणतात."

मी हातमोजे पिशवीत टाकले. बोलायचं ते मी घाट चढेन त्या रविवारसाठी राखून ठेवलं होतं.

शेवटी त्यानं कपाटातून मागच्या चाकाला लावायचं एक दातेरी चक्र काढलं. ताटलीएवढं मोठं होतं. "तुम्हाला मी हे लावतो. चढावर पाय हलका पडेल."

मी ते बघितलं आणि माझा चेहरा तापला. त्या मोठ्या चक्राला आमच्याकडे भाकरी म्हणतात. माथ्यावर कुणी भाकरी लावून आला की टपरीसमोर जत्रा भरते. "अरे, घरून भाकरी बांधून आणली! चीज लावा त्याला, चीज!" धिप्पाड माणूससुद्धा मान खाली घालतो. तीस वर्षांत मी किती वेळा त्या हसण्यात सामील झाले असेन, देव जाणे.

"भाकरी नको," मी म्हटलं.

"हा शब्द तुम्हाला कुठून माहीत?"

"ऐकलाय."

"काकू, हसणाऱ्यांना हसू द्या. आपल्या लोकांना ही खोडच आहे, गुडघे मोडतील पण भाकरी लावणार नाहीत. खोटं कशाला बोलू, मी पण लावत नाही, आणि माझा हा गुडघा बघा, पावसात ठणकतो—"

"मग मलाही तुझ्यासारखंच लाव."

"अहो, पण तुम्ही पहिल्यांदाच—"

"विकतोस की जाऊ?"

त्यानं उसासा टाकून लहान चक्र लावलं. आमच्या बोयाकाच्या मुलखातल्या माणसाकडून सगळं काढून घेता येतं, पण मोठ्या चक्रावर बसवता येत नाही. मी तरी वेगळी कशी असणार.

पुढचे काही महिने मी नदीकाठच्या सपाट रस्त्यावर, कांद्याच्या शेतांमधून शिकले. लहानपणी बापाच्या दुधाच्या सायकलवर बसले होते, ते अंगात कुठेतरी शिल्लक होतं. पहिल्याच दिवशी कुत्रं मागे लागलं आणि मी ओढ्यात गेले. उठवायला कुणी नव्हतं, तसं हसायलाही कुणी नव्हतं. तेवढा एक फायदा एकटेपणाचा. हळूहळू जमलं. चढ यायच्या आधी गिअर बदलायचा, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, वळणावर चाकाकडे नाही, जायचं तिकडे बघायचं. सायकल मी स्वयंपाकघरात ठेवायची, रेडिओशेजारी. शर्यत लागली की आता निदान तिच्याकडे बघून ओरडता यायचं.

भांडी घासताना मी तो रविवार मनात पुन्हा पुन्हा बघायची. टपरीला कुलूप. सगळे बाहेर थरथरत, शेजारणीच्या नावानं खडे फोडत. तेवढ्यात सगळ्यांच्या मागून मी. सायकल टेकवते, डाव्या खिशातून किल्ली काढते. "अरे! ही तर शेजारीणबाई!" क्रिसांतोकाका कपाळावर हात मारून घेतात. सगळे हसतात, कुणीतरी चूल पेटवतं, कुणीतरी एक पेला भरतं, बशी झाकून माझ्यापुढे ठेवतं आणि म्हणतं, उचला. मी पातेलं घासत एकटीच हसायची.

तो रविवार उजाडला. पुलाजवळच्या बेकरीसमोर सगळे जमले होते. हेल्मेट, चष्मा, गळ्यापर्यंत शर्ट. मला कोण ओळखतंय!

"काकू! आलात की!" विल्मार धावत आला आणि माझ्या चाकांत हवा किती आहे ते अंगठ्यानं दाबून बघायला लागला.

डॉक्टर फ्लोरोंनी मला पाहून आकाशाकडे हात जोडले. "बाई, तुम्हाला देवानंच धाडलंय. आज मी शेवटचा नाही!"

क्रिसांतोकाका पुढे आले. सत्तरीचा माणूस, पण पिंढऱ्या दोरखंडाच्या. "नवीन का? नाव काय?"

"हर्मेलिंदा."

तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नाव विचारलं होतं. 

"छान. तर हर्मेलिंदाबाई, नियम ऐका. चढावर आम्ही कुणासाठी थांबत नाही, थांबलं की पाय जड होतात. पण माथ्यावर सगळे थांबतात. तिथे आमची एक शेजारीण आहे. ती तुमचा पेला भरून बशी झाकून ठेवील. ती बशी तुम्ही उचलेपर्यंत एक माणूस हलणार नाही."

"नक्की?"

"सांता रीताची शपथ."

मी मागे हात नेऊन खिशातली किल्ली चाचपली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण इतके महिने जपलेली गंमत अशी पुलावर सांडून टाकवेना.

पहिल्या दोन वळणांपर्यंत त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या. मग नुसत्या चेनींचा आवाज. मग तोही नाही. डॉक्टर तेवढे काही वेळ पुढे दिसत राहिले आणि माझं लक्ष त्यांच्या मागच्या चाकावर गेलं. भाकरी! चांगली मोठी, चिखलानं माखलेली. म्हणूनच हा माणूस माथ्यावर सायकल नेहमी पुतळ्यामागे नेऊन ठेवायचा. त्यांचे पाय भराभर, हलके फिरत होते. "या सावकाश, आम्ही आहोत वर!" असं म्हणून तेही धुक्यात गेले.

तिसऱ्या वळणानंतर खरा चढ लागतो. दुधाच्या गाडीत बसून मी तो रस्ता अर्धं आयुष्य चढले होते, पण गाडीत बसलेल्या माणसाला घाट कळत नाही. माझं बोट गिअरचा खटका दाबत राहिलं, आणखी एखादा हलका मिळेल म्हणून. मिळेना. होते ते संपले होते. जो हवा होता तो मी स्वतःच्या तोंडानं नाकारून दुकानात ठेवून आले होते. पेडल खाली जायला सगळं अंग त्यावर टाकावं लागत होतं. पुढे ते पण जमेना. उतरले, ढकलत चालले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. धुकं दाटलं आणि पाऊस भुरभुरायला लागला. पेरूची वडी संपली. मागे लाल दिवा मिचमिचत होता, पण तो बघायला मागे कुणी नव्हतं.

कुठल्याशा कुंपणापलीकडून एक गाय हंबरली. मी थांबले. गोलोंद्रिना नव्हती ती, ती आता कितीतरी लांब आहे. पण मला एकदम फाटकावरून निघालेली मान दिसली. रोज संध्याकाळी, पावसात सुद्धा. त्याला वाट बघणंच म्हणतात की! कुणी आपली वाट बघावी म्हणून, जी एकटी माझी वाट बघत होती तिलाच मी विकून टाकलं होतं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. हातमोज्यानं नाक पुसलं आणि पुन्हा पेडलवर पाय ठेवला, कारण वर माणसं थांबलेली होती. शपथ घेतली होती त्यांनी.

माथा तीन वळणांवर राहिला असेल. वरून चाकांची सळसळ ऐकू आली. धुक्यातून एक दिवा, मग दुसरा, मग सगळेच. जाकिटं गळ्यापर्यंत ओढलेली, ओठ निळे.

"फिरा मागं, बाई!" विल्मार ओरडत गेला. "वर बंद आहे! शेजारीण आलीच नाही आज!"

"गारठून मरू सगळे!" डॉक्टर. "बेकरीत या, कॉफी घेऊ!"

"थांबा!" मी ओरडले. "अहो थांबा! मी हर्मेलिंदा! मी हर्मेलिंदा आहे!"

क्रिसांतोकाका शेवटी होते. त्यांनी ब्रेक दाबले, पण ओल्या उतारावर सायकल थांबेना. मान वळवून ते म्हणाले, "हो हो, हर्मेलिंदाबाई, कळलं! चला खाली, हट्ट करू नका! वर काही नाही!"

आणि तेही वळणाआड गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे नाव त्यांच्या काय कामाचं! "शेजारीण!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "मीच शेजारीण! किल्ली माझ्याकडे आहे!" पण तोवर खाली नुसतं धुकं होतं.

वळणं फार सोपं होतं. हँडल फिरवायचं आणि ब्रेक सोडायचे. खाली उजेड असता, कॉफी असती, कुणीतरी विचारलं असतं, कुठवर गेला होतात. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. रागही धड येईना. ओल्या अंगानं बंद टपरीसमोर त्या वाऱ्यात कोण थांबेल? ते थांबायचे ते पोटात गरम काही जायचं म्हणून. डॉक्टरांसाठी थांबले तेव्हा मी तीन-तीन पेले पाजले होते. तीस वर्षं त्यांना माथ्यावर धरून ठेवणारी मीच होते, आणि आज ती बाई तिथे नव्हती. ती खाली रस्त्यावर होती, चुकीच्या गिअरवर.

मी वर गेले. का, ते विचारू नका. किल्ली खिशात होती आणि टपरी माझी होती.

शेवटचं वळण चालत गेले, पण पुतळा दिसल्यावर पुन्हा सायकलवर बसले. देवीसमोर तरी बसून जावं. क्रुसाची खूण करायला एक हात सोडला आणि पडता पडता वाचले. टपरीसमोरचा चिखल तुडवलेला होता, चांगलाच. म्हणजे थांबले होते थोडा वेळ. माझ्यासाठी थांबले होते की टपरी उघडायची म्हणून, ते चिखलावरून कळत नाही.

कुलूप उघडलं. बोटं इतकी बधिर झाली होती की काडी पेटेना. पेटली. पाणी ठेवलं, गूळ फोडला, हात आपोआप चालत होते. कढईभर गूळपाणी केलं, नेहमीएवढं. चीज चिरलं. एक पेला भरला, त्यावर बशी झाकली आणि फळीच्या टोकाला ठेवला. मग फडकं घेऊन फळी पुसली आणि सवयीनं रस्त्याकडे बघितलं, कोण राहिलंय अजून ते.

कुणी राहिलं नव्हतं. शेवटची मीच होते.

मी फडकं ठेवलं, दारातून बाहेर आले, फळीला वळसा घालून त्या बाकावर बसले. तीस वर्षांत त्या बाजूला मी कधी बसले नव्हते. मांड्या थरथरत होत्या, हेल्मेटमधून पाणी गळत होतं. बशी उचलली. वाफ तोंडावर आली आणि पहिला घोट आत गेला, तेव्हा माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. गूळ छातीतून खाली उतरताना कळत होता. एवढ्या थकलेल्या माणसाला समोर कोण उभं आहे ते दिसणं शक्यच नाही. इतकी वर्षं मी मनात राग धरला होता, आणि ते लोक नुसते थकलेले होते.

सावकाश प्यायले. तळाचं मऊ चीज चमच्यानं काढून खाल्लं. बाजारचं चीज, गोलोंद्रिनाचं याहून चांगलं होतं. मग वर बघितलं, पेला परत द्यायला. फळीच्या पलीकडे कुणी नव्हतं.